ट्राउट नाही, पण जिताडा आहे! तरंगत्या दोरीची मासेमारी द्रोणागिरीत चालेल का?

गरीला कोळंबी लावायची, वजनाला शिसं बांधायचं आणि दोरी फेकायची. उरणच्या खाडीकाठी ही पद्धत कुणालाही ठाऊक आहे. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र यातलं काहीच नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, म्हणजेच 'फ्लाय', एवढंच आमिष. तो इतका हलका असतो की नुसता फेकला तर पायाशीच पडेल. मग तो लांब जातो कसा?

वजन दोरीत

इथे वजन दोरीचंच असतं. लवचीक काठीने जाड दोरी मागे-पुढे झुलवली की ती हवेत उलगडत जाते आणि फ्लायला सोबत नेते. ही दोरी साधारण २७ मीटर लांब असते. तिच्या टोकाला जवळपास न दिसणारा बारीक धागा आणि त्याला फ्लाय बांधतात.

दोरी जड असूनही बुडत नाही, कारण तिच्या प्लास्टिकच्या आवरणात सूक्ष्म पोकळ काचमणी मिसळलेले असतात. त्यामुळे तिची घनता पाण्यापेक्षा कमी होते. छोट्या तलावात याचा मोठा फायदा होतो. फ्लाय पृष्ठभागावर राहो किंवा थोडी खाली जावो, दोरी डोळ्यांसमोर असते. तिचं टोक किंचित हललं की माशाने तोंड लावलं हे कळतं.

ट्राउट इथे का जगत नाही?

ट्राउटला थंड आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. १० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशाला जेमतेम साडेसात. म्हणूनच ब्रिटिशांनी भारतात ट्राउट आणला तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीसारख्या थंड भागांत. महाराष्ट्रात लोणावळ्याच्या वळवण इथे टाटा पॉवरने १९७०च्या दशकापासून महसीर माशाचं संवर्धन केलं, तोही गळाच्या शौकिनांचा आवडता मासा.

मग द्रोणागिरीत काय?

रायगडकरांचा लाडका जिताडा! हाच मासा ऑस्ट्रेलियात 'बॅरामंडी' नावाने ओळखला जातो आणि तिथे तो फ्लायवर पकडणं हा मोठा खेळ आहे. जिताडा शिकारी आहे. उथळ पाण्यात लहान मासे-कोळंबीवर झडप घालतो. अशा जागी तरंगती दोरी उपयोगी पडते. फक्त ट्राउटच्या नाजूक फ्लायऐवजी छोट्या माशासारखी दिसणारी मोठी फ्लाय आणि दणकट काठी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. जिताडा खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर उथळ पाणथळ जागांत येऊन वाढतात. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे पिल्लांची वाट बंद झाली, तर पुढच्या माद्याही घटतात.

द्रोणागिरी नोडमधली सुमारे २८९ हेक्टरची पाणजे पाणथळ याच कारणाने चर्चेत असते. तिथे भरतीचं पाणी अडवलं जात असल्याच्या तक्रारी पर्यावरणप्रेमींनी वारंवार केल्या आहेत. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगोंसाठी ही जागा जपावी, असं बीएनएचएसने सुचवलं आहे.

काठी आणि दोरी बाजारात विकत मिळते. जिताड्यासाठी मात्र भरतीचं पाणी आत येत राहायला हवं. उरणच्या कोळी कुटुंबांच्या जाळ्यांचं भवितव्यही त्यावरच अवलंबून आहे.