अंतराळ अभियांत्रिकी : वर्गात जागा मिळाली, टीममध्ये कधी मिळणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की विहारांमध्ये करिअर मार्गदर्शन शिबिरे सुरू होतात. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले, तेव्हापासून या शिबिरांत एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : "इस्रोत जायचं असेल तर काय शिकावं लागतं?" बहुतेक मार्गदर्शक परीक्षांची नावे सांगून मोकळे होतात. ती आम्हीही सांगणार आहोत. पण हे शिक्षण नेमके कशाचे असते, ते आधी समजून घेऊ. आपल्या मुलांची खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते.

अंतराळ म्हटले की डोळ्यांसमोर ग्रह-तारे आणि दुर्बीण येते. विद्यापीठात शिकवले जाते ते अंतराळ अभियांत्रिकी म्हणजे मुख्यतः वस्तू घडवण्याचे शास्त्र. यानाचे वजन ठरलेले, सौरपट्ट्यांतून मिळणारी वीज ठरलेली, पैसा आणि वेळही मोजका. एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी करावी लागते. काय ठेवायचे, काय सोडायचे आणि का, हे आकडेमोड करून आणि चाचण्या घेऊन ठरवणे म्हणजे इंजिनिअरिंग डिझाइन. नुसते सुबक चित्र काढणे म्हणजे डिझाइन नव्हे.

चांद्रयान-2 चे लँडर सप्टेंबर 2019 मध्ये उतरताना कोसळले. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, आणि उतरण्यासाठी ठरवलेली जागा होती जेमतेम 500 मीटर बाय 500 मीटर. पुढच्या मोहिमेत इस्रोने प्रश्नच उलटा विचारला. सगळे नीट चालेल असे धरून आखणी करण्याऐवजी काय काय बिघडू शकते याची यादी केली आणि तरीही यान उतरले पाहिजे, अशी रचना केली. जागा चार किलोमीटर बाय सुमारे अडीच किलोमीटर झाली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले. इंजिन काढून यान अधिक भरवशाचे होते, हे ज्याला समजले त्याला डिझाइन समजले असे आम्ही म्हणू.

याच शिक्षणाचे एक उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयं' नावाचा उपग्रह बनवला. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने तो अवकाशात सोडला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन सुमारे एक किलो. एवढ्याशा ठोकळ्यात दिशा सांभाळणारी मोटर, तिची वीज, तिचे नियंत्रण हे सगळे बसवायचे कसे? विद्यार्थ्यांनी ते टाळलेच. आत कायमस्वरूपी चुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी वळते तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आपोआप वळतो, वीज न खाता. 'स्वयं' हे नाव त्याला शोभते. या कामाला सुमारे आठ वर्षे लागली. म्हणजे सुरुवात करणारे विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला काम समजावून सांगितले, हिशेब लिहून ठेवले, चाचण्यांचे निष्कर्ष सोपवले.

आम्हाला बोलायचे आहे ते या टीमबद्दल. अशी कामे वेळापत्रकातल्या तासाला होत नाहीत. संध्याकाळी, सुट्टीत, रात्री जागून होतात आणि टीममध्ये कोणाला घ्यायचे ते बहुतेक ठिकाणी सीनियर विद्यार्थी ठरवतात. मुलाखत इंग्रजीत, "आधी काय बनवलंय?" हा पहिला प्रश्न. ज्याच्या घरी लॅपटॉप आठवीपासून आहे, ज्याचा मामा इंजिनिअर आहे, तो पटकन आत जातो. आपला मुलगा किंवा मुलगी रँकवर प्रवेश घेऊन आलेली असते, पण या दारात अडखळते. कुणी "रँक किती?" असे सहज विचारले की त्यामागचा खोचक अर्थ तिला बरोबर कळतो आणि ती दुसऱ्यांदा त्या खोलीकडे फिरकत नाही. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आरक्षणाने वर्गात जागा मिळते, टीममध्ये नाही. चार वर्षांनी बायोडेटावर मात्र टीमचेच काम विचारले जाते.

म्हणून आपल्या शिकलेल्या इंजिनिअर मंडळींना आमचे सांगणे आहे. सत्कार पुरे झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना सर्किट जोडणे, प्रोग्रॅम लिहिणे, ड्रॉइंग वाचणे दोन-तीन महिने शनिवार-रविवारी शिकवा. विहाराचा हॉल तसाही रिकामा असतो.

आता मार्ग. तिरुअनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विभागाची 2007 मध्ये सुरू झालेली संस्था. तेथे एरोस्पेस आणि एव्हिऑनिक्समध्ये बी.टेक. करता येते, प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डवर, केंद्राच्या नियमानुसार अनुसूचित जातींना 15 टक्के जागा. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर या आयआयटींतही एरोस्पेस आहे. पण ही दारे बंद झाली म्हणून रडत बसू नये. इस्रोच्या मध्यवर्ती भरतीत प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे पदवीधर घेतले जातात. किमान 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए लागतो. चांद्रयान-3 च्या वेळी इस्रोचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ यांची पहिली पदवीसुद्धा कोल्लमच्या कॉलेजातली, मेकॅनिकलची. (पदाच्या 'सायंटिस्ट/इंजिनिअर एससी' या नावातले 'एससी' ही श्रेणी आहे, आपला प्रवर्ग नव्हे. फॉर्म भरताना गोंधळू नका.) डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंट आणि आयटीआयवाल्यांसाठी टेक्निशियन ही पदेही निघतात.

एक मात्र लक्षात ठेवावे. 2020 पासून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना मोकळे झाले. नोव्हेंबर 2022 मध्ये स्कायरूट या कंपनीचे 'विक्रम-एस' रॉकेट उडाले. रोजगार त्या बाजूला सरकत जाईल आणि तेथे आरक्षण नाही. खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी करताना चळवळीने अंतराळ उद्योगाचे नाव अजून घेतलेले आमच्या ऐकण्यात नाही.

शेवटी कागदपत्रे, कारण दरवर्षी चांगली मुले इथेच अडकतात. जेईईसाठी केंद्राच्या नमुन्यातला अनुसूचित जातीचा दाखला लागतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा "बौद्धांना सेंट्रलचा दाखला मिळत नाही" असे सेतू केंद्रात कोणी सांगितले तर परत फिरू नये. कायद्याचे वर्ष सांगावे आणि अर्जाची पोच मागावी. राज्यातल्या कॉलेजात सीईटीने प्रवेश घेणाऱ्यांनी महाडीबीटीवर भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यापेक्षा उत्पन्न जास्त असेल तर फ्रीशिपचा पर्याय पाहावा. जातपडताळणी अकरावीतच सुरू करावी, बारावीच्या मे महिन्यात नव्हे.