सव्वा व्होल्ट

सोलापुरात वैशाखाचे ऊन तापू लागले की दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. पौषात ज्या संगणकाचा वेग मुद्दाम वाढवून ठेवला आणि जो पुढे दोन-तीन महिने बिनतक्रार चालला, तोच संगणक अशा एखाद्या दुपारी अकस्मात बंद पडतो. यंत्र तेच, वेग तोच. मग बिघडले काय? याचे उत्तर शोधणारा पडद्यावरील विद्युद्दाबाचा आकडा पाहतो, आणि पुष्कळदा त्या आकड्यानेच अधिक घोटाळ्यात पडतो.

संगणकातील आकडेमोड प्रोसेसर करतो. त्यातील अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर एका ठरावीक ठेक्यावर उघडमीट करीत असतात. कारखान्याने नेमून दिलेल्या ठेक्यापेक्षा जलद ठेका लावणे यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. सोलापूरच्या मुलांनी माग पाहिलेला असतोच. मागाची गती वाढविली आणि धोटा पलीकडे पोचण्यापूर्वीच ताण्याचे धागे मिटले, तर धागे तुटतात. म्हणून धोट्याला अधिक जोराचा फटका द्यावा लागतो. प्रोसेसरच्या बाबतीत हा फटका म्हणजे विद्युद्दाब होय. तो अपुरा पडला, तर उत्तरे चुकतात व संगणक थांबतो.

आपल्या घरी वीज २३० व्होल्ट दाबाने येते. संगणकाच्या पेटीत तिचे १२ व्होल्ट होतात आणि मदरबोर्डावरील नियामक ते आणखी उतरवून सुमारे सव्वा व्होल्ट करतो. दाब एवढा अल्प, पण प्रवाह मात्र प्रचंड! १२५ वॅट शक्ती घेणाऱ्या प्रोसेसरला १.२५ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह लागतो. एवढ्या प्रवाहापुढे तांब्याच्या जाड पट्टीचा नाममात्र रोधही मोठा ठरतो. रोध एका ओहमचा हजारावा भाग धरला, तरी वाटेत ०.१ व्होल्ट दाब खर्ची पडतो, नियामकापाशी १.२५ असलेला दाब प्रोसेसरपाशी १.१५ होतो. गल्लीत नळाला पाणी आले आणि सर्व घरांनी तोट्या सोडल्या, की शेवटच्या घरी धार बारीक होते, तसेच हे.

यावरून ध्यानात येईल की पडद्यावर दिसणारे आकडे एकाच वस्तूचे नसतात. एक आकडा प्रोसेसरने मागितलेल्या दाबाचा असतो. दुसरा मदरबोर्डावरील मापकाने मोजलेल्या दाबाचा. आणि हा मापक नियामकाजवळ आहे की प्रोसेसरजवळ, यावर तो आकडा अवलंबून असतो. शिवाय काम नसताना प्रोसेसर आपला वेग व दाब दोन्ही उतरवितो, त्या वेळचा आकडा पाहून काहीच निष्पन्न होत नाही. जड काम चालू असताना, प्रोसेसरच्या अगदी जवळ मोजलेला आकडाच उपयोगाचा. हे न ओळखता कोणी कमी दिसणाऱ्या आकड्याला भिऊन दाब वाढवितो. मग काम एकदम थांबले की, तोट्या एकाच वेळी बंद केल्यावर नळीत दाब उसळावा, तसा हा दाबही क्षणभर मर्यादेबाहेर उसळतो. तो क्षण इतका लहान असतो की पडद्यावरील आकड्यात तो दिसतही नाही.

दाब वाढविण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढविले, तर १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३, उष्णता एक-तृतीयांशाने वाढली! पंख्याची हवा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वैशाखात खोलीच तापलेली. आणि थंड असताना जो दाब पुरत होता, तो तापल्यावर पुरत नाही. पौषातला संगणक वैशाखात बंद पडला तो यामुळे. अशा वेळी दाब वाढविणे म्हणजे उष्णता वाढविणे. वेग थोडा उतरविला की काम भागते.

जास्त दाबाने होणारी इजा हळूहळू होते आणि भरून येत नाही. २०२४ साली इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर मध्येच अडखळू लागले. ज्यांचा वेग कोणी वाढविला नव्हता, असेही त्यांत होते. प्रोसेसरमधील अंतर्गत आज्ञावलीच्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा अधिक दाब मागत होता, असे कंपनीने त्या जुलैत सांगितले. ऑगस्टमध्ये सुधारित आज्ञावली आली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. पण ज्या प्रोसेसरांना इजा झाली होती, ते त्या आज्ञावलीने दुरुस्त झाले नाहीत.