गाळाचाही हिशेब

सकाळी ६.३० : नाशिकचा फेब्रुवारी, तोडणीचा हंगाम. शेनिन ब्लां द्राक्षांचे क्रेट काट्यावर चढतात आणि मी फवारणीची वही मागते. शेवटची फवारणी कशाची, कधीची? बागायतदार सांगतात, "ताई, भुरीसाठी गंधक मारलंय, उशिराच." मी टाकीच्या कार्डावर लाल शेरा मारते.

८.०० : पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधीच दाबून सालं वेगळी होतात. रस थंड ठेवून गाळ खाली बसू द्यायचा. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. सालीला नि गाळाला चिकटून तीही बरीचशी बाहेर पडतात.

१०.०० : लॅब. फवारणीचे अवशेष तपासायला 10 ग्रॅम नमुना, 10 मिली ॲसिटोनायट्राइल, मग मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ. झाकण लावून जोरात हलवलं की ट्यूब हाताला गरम लागते. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा थर मशीनला द्यायचा.

दुपारी १.०० : एकाच लॉटचे दोन निकाल शेजारी : आंबण्याआधीचा रस आणि आंबून झालेली वाइन. पायरेथ्रॉइड दिसत नाही; उरलंसुरलं यीस्टच्या पेशींना धरून तळाशी गेलं. मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक मात्र पाण्यात विरघळणारं, ते वाइनमध्येही टिकून आहे. कॅप्टन हे दुसरं बुरशीनाशक शून्य. पण तेवढ्यावर खूश व्हायचं नाही. ते मोडून बनणारं टेट्राहायड्रोफ्थॅलिमाइडही शोधावं लागतं. ते सापडतं.

३.३० : उशिरा गंधक मारलेल्या दुसऱ्या एका लॉटच्या टाकीला सडक्या अंड्यांचा वास. यीस्टने गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड केलाय. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीतून आलेलं तांबं त्याच सल्फाइडशी जुळून गाळात बसतं, म्हणून वाइनमध्ये ते फार कमी उरतं.

५.०० : वरची वाइन दुसऱ्या टाकीत ओढली. एक शेजारी जनावरांसाठी चोथा आणि गाळ न्यायला आलेत. "तपासणी झाल्याशिवाय देता येणार नाही, काका." वाइनमधून जे कमी झालं, त्यातलं बरंचसं याच पिंपांत आहे.

६.१५ : उद्याच्या शिराझसाठी फोन. औषध मारल्यावर जितके दिवस थांबायचं, तितके अजून भरलेले नाहीत. "अहो मॅडम, आंबल्यावर उतरतंच की!" उतरतं, पण सगळं नाही, आणि लाल वाइन तर सालीसकटच आंबते. तोडणी पुढे ढकलली. ट्रकवाल्याला कळवलं, प्रेसची पाळी दुसऱ्या बागेला दिली.