दीड हजार अश्वशक्ती : विकत घ्यावी की घडवावी?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात येणारे लोक तोफांच्या नळ्या न्याहाळतात, चिलखतावर हात ठेवून पाहतात, युद्धात जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यासमोर उभे राहून फोटो काढतात. इंजिनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते मागच्या बाजूला, पोलादी झाकणाखाली असते. भारतीय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले हे संग्रहालय इंजिनांच्या अंगाने पाहिले, तर मात्र तिथे एक वेगळाच इतिहास सापडतो. मोठी ताकद हवी असेल तर तयार इंजिन आणून बसवावे की आपल्या गरजेनुसार नवे घडवावे, या प्रश्नाची शंभर वर्षांतली निरनिराळी उत्तरे तिथे ओळीने उभी आहेत.

मोटार शर्यतींच्या जगात हा प्रश्न रोजचा आहे. कारखान्यात पूर्ण जोडलेले, चालवून तपासलेले आणि खोक्यात बंद करून पाठवलेले इंजिन म्हणजे ‘क्रेट इंजिन’. खोके उघडायचे, माउंटिंगवर बसवायचे आणि सुरू करायचे. दुसरा मार्ग ‘कस्टम बिल्ड’चा. त्यात ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन, हेड, टर्बो असे एकेक निवडून किंवा नव्याने आखून इंजिन उभे केले जाते. शर्यतीच्या गाडीसाठी चुकीची निवड झाली तर पैसे जातात. रणगाड्याच्या बाबतीत चुकीची किंमत सैन्य आणि देश मोजतो.

उसन्या इंजिनांचे रणगाडे

संग्रहालयातला ब्रिटिश ‘माटिल्डा’ पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला या रणगाड्याचे चिलखत भेदणे कठीण जाई. पण त्याला ओढणारी होती बसगाड्यांच्या धर्तीची दोन सहा सिलिंडरची डिझेल इंजिने, प्रत्येकी सुमारे ९० अश्वशक्तीची. युद्ध तोंडावर होते, नवे इंजिन आखायला वेळ नव्हता आणि बसची इंजिने रस्त्यावर रोज धावून सिद्ध झालेली होती. दोन जोडली आणि काम भागवले.

अमेरिकी ‘स्टुअर्ट’ने वेगळीकडून उसनवारी केली. त्याच्या पोटात विमानाचे सात सिलिंडरचे, हवेने थंड होणारे रेडियल इंजिन होते. ‘सेंच्युरियन’ची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत भारताच्या बाजूने लढलेल्या या रणगाड्याचे ‘मिटिऑर’ इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस ‘मर्लिन’चाच जमिनीवरचा अवतार. दोन्हींची क्षमता २७ लिटर. विमानात सुपरचार्जर लावलेले मर्लिन एक हजाराहून जास्त अश्वशक्ती देई. सुपरचार्जर काढून रणगाड्यात बसवलेले मिटिऑर ६५० देई. अश्वशक्ती कमी झाली, पण इंजिन रणगाड्याच्या कामाला भरवशाचे झाले.

नव्याने आखलेल्या इंजिनाचे उदाहरणही जवळच आहे. चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात तयार झालेल्या ‘विजयंता’ रणगाड्यात लेलँडचे एल-६० हे इंजिन होते. सहा सिलिंडर, बारा पिस्टन, प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोरून येणारे दोन पिस्टन आणि हेडच नाही, अशी त्याची रचना. हाती येईल ते इंधन चालावे, या लष्करी अटीपोटी ते जन्माला आले. ब्रिटनच्या ‘चीफ्टन’ रणगाड्यात याच इंजिनाने लायनर, गळती आणि बिघाडांनी वर्षानुवर्षे डोकेदुखी दिली. रचना हुशार होती, पण पुरेशी मुरलेली नव्हती.

ताकद येते कुठून?

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. हा टॉर्क इंधन जाळून येतो आणि इंधन जाळायला हवा लागते. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा हवी. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे मुळात दर मिनिटाला त्यातून जास्त हवा जाऊ द्यायची. त्याचे मार्ग तीनच : सिलिंडर मोठे करा, फेरे वाढवा किंवा हवा दाबून आत भरा.

आपल्या टी-७२ ‘अजेय’ रणगाड्याचे इंजिन बारा सिलिंडरचे आणि ३८.८ लिटरचे. मिनिटाला २००० फेरे होत असताना चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, म्हणजे हवा दाबून न भरताही ते मिनिटाला जवळपास ३९ हजार लिटर हवा ओढते. याच ३८.८ लिटरच्या बारा सिलिंडर घराण्यातले मूळ इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ मध्ये ५०० अश्वशक्ती देत होते. सुपरचार्जरमुळे टी-७२ मध्ये ते ७८० वर गेले आणि टर्बोचार्जरमुळे टी-९० ‘भीष्म’मध्ये १००० वर. सिलिंडरांचे आकारमान तेच राहिले, आत जाणारी हवा वाढत गेली.

हवेला मात्र उन्हाची आणि उंचीची बाधा होते. ५५ अंश तापमानाला हवा १५ अंशांच्या तुलनेत सुमारे १२ टक्के विरळ होते. समुद्रसपाटीपासून ५००० मीटरवर तिची घनता साठ टक्क्यांवर येते. युरोपातल्या थंड हवेसाठी आखलेले इंजिन राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखच्या पठारावर तितकेच काम करील, असे गृहीत धरता येत नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा अंगात शिरला तरी खांद्यावर काचतोच.

दुसरी अडचण उष्णतेची. १५०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ११०० किलोवॅट. इंजिनाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर इंधनातून २७५० किलोवॅट उष्णता निघायला हवी. त्यातली १६५० किलोवॅट धुराड्यातून, पाण्यातून, तेलातून बाहेर काढावी लागते आणि तीही चिलखतात बंद केलेल्या अरुंद जागेतून. रेडिएटर आणि पंखे पुरे पडले नाहीत, तर कागदावरची १५०० अश्वशक्ती उन्हाळ्यात वापरताच येत नाही.

खोक्यात खरे काय मिळते?

तयार इंजिन विकत घेताना आपण लोखंड आणि ॲल्युमिनियमबरोबर चाचणीचे तास विकत घेतो, आणि खरी किंमत त्या तासांची असते.

मिनिटाला २००० फेऱ्यांवर चार-स्ट्रोक इंजिनाच्या एकेका सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० स्फोट होतात. तासाला ६० हजार, शंभर तासांत ६० लाख. दर स्फोटाला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांवर ताण येतो आणि उतरतो. धातू पहिल्या लाख-दोन लाख फटक्यांत काही सांगत नाही. थकव्याची बारीक चीर बऱ्याचदा दहा लाख ते एक कोटी फटक्यांच्या दरम्यान उघडी पडते. संगणकावर ताणाचा अंदाज काढता येतो. पण ओतकामातली एखादी पोकळी, लायनरचा झिजण्याचा वेग किंवा गॅस्केटचा तापल्यानंतरचा स्वभाव इंजिन तासन् तास चालवूनच कळतो. ताकद जितकी जास्त, तितका प्रत्येक फटका मोठा. त्यामुळे ७०० अश्वशक्तीवर टिकलेला भाग १४०० वर टिकेलच, असे नाही.

म्हणून स्वतः इंजिन घडवायला निघालेल्या देशाला आराखडे काढणारे हुशार हात लागतात आणि इंजिने फोडून, पुन्हा जोडून, पुन्हा फोडण्याची मुभाही लागते. ही मुभा नसेल, तर स्वदेशीचा आग्रह कागदावरच राहतो.

‘अर्जुन’ने शिकवलेले

आपल्या देशातल्या रणगाडा संशोधनाची मुळे अहिल्यानगरात आहेत. १९२९ मध्ये चकलाला (आता पाकिस्तानात) येथे सुरू झालेली लष्करी वाहनांची संस्था फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, इथे आली. तिचीच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, झाली. रणगाड्यांचे काम पाहणारी तिची आवडीची शाखा १९७६ मध्ये सीव्हीआरडीई या नावाने स्वतंत्र झाली आणि ‘अर्जुन’ तिथे आकाराला आला.

१९७४ मध्ये मंजूर झालेल्या या रणगाड्यासाठी स्वदेशी १५०० अश्वशक्तीचे इंजिन करायचे ठरले होते. ते वेळेत साधले नाही आणि जर्मनीच्या एमटीयू कंपनीचे १४०० अश्वशक्तीचे इंजिन घ्यावे लागले. गिअरबॉक्सही जर्मन रेंक कंपनीचा आला. त्या वेळी हा निर्णय योग्यच होता, कारण इंजिनावाचून तोफ, चिलखत, सस्पेन्शन यांच्या चाचण्या खोळंबल्या असत्या. पण निवडीची दुसरी बाजूही पुढे आली. ‘अर्जुन’चे वजन वाढत सुधारित मार्क-१ए मध्ये ६८ टनांवर गेले. पहिल्या आवृत्तीत टनामागे जवळपास २४ अश्वशक्ती मिळत होती, ती २० च्या आसपास आली. इंजिन परक्याचे असले, की त्याची वाढ आपल्या रणगाड्याच्या वाढीबरोबर होत नाही.

दक्षिण कोरियाचा अनुभव बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यांच्या के-२ रणगाड्यासाठी स्वतःचे १५०० अश्वशक्तीचे इंजिन बनत होते; ते चाचण्यांत अडखळले. कोरियाने पहिल्या शंभर रणगाड्यांत जर्मन इंजिन आणि जर्मन गिअरबॉक्स बसवले, स्वतःच्या इंजिनाचे काम थांबवले नाही आणि दुसऱ्या तुकडीत ते बसवले. गिअरबॉक्स मात्र टिकाऊपणाच्या चाचणीत उतरला नाही, म्हणून तो जर्मनच ठेवला. तुर्कस्तानच्या ‘अल्ताय’ रणगाड्याला जर्मनीने इंजिन नाकारले, तेव्हा तुर्कस्तानला कोरियाचे हेच इंजिन घ्यावे लागले. कालचा ग्राहक आज विक्रेता झाला, तो चिकाटीने.

आपणही आता दोन्ही वाटांनी चाललो आहोत. २०१८ च्या जुलैत आवडीच्या इंजिन कारखान्याने टी-७२ आणि टी-९० ची पूर्णपणे देशात बनलेली इंजिने लष्कराला दिली. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने टी-७२ साठी १००० अश्वशक्तीची इंजिने घेण्याचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी केला. त्यात काही इंजिने पूर्ण जोडलेली, काही सुट्या भागांत येणार आहेत आणि तंत्रज्ञान आवडीच्या कारखान्याकडे यायचे आहे. ७८० च्या जागी १००० म्हणजे जुन्या रणगाड्याला सव्वा पटीहून जास्त जोर. आणि २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरच्या बीईएमएल कारखान्यात देशात आखलेले १५०० अश्वशक्तीचे रणगाडा इंजिन पहिल्यांदा सुरू झाले. उणे ४० ते ५५ अंश तापमान आणि ५००० मीटर उंची, अशा अटींसाठी ते आखले आहे. या अटींचे इंजिन आपल्याला दुसऱ्या कोणाच्या खोक्यात तयार मिळणे कठीण.

वाहननगरचे लहान इंजिन

अहिल्यानगरच्या वाहननगरातल्या व्हीआरडीईने हाच धडा लहान आकारात गिरवला आहे. ‘निशांत’ या मानवरहित विमानात आधी आयात इंजिन होते. त्याच्या जागी ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल इंजिन देशात करण्यात आले. त्याचा गाभा आणि आतल्या पृष्ठभागासाठी निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, विकसित केला आणि प्रज्वलन व इंधन यंत्रणा व्हीआरडीईने केल्या. व्हँकेलमध्ये पिस्टन वर-खाली होत नाही. त्रिकोणी रोटर गोल फिरतो, त्यामुळे वजन कमी आणि कंप कमी. इंजिनाचे वजन सुमारे ३० किलोच. पण रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या सील भिंतीला सतत घासतात, आणि तो लेप त्याच झिजेवरचा उपाय होता. २००९ मध्ये कोलारजवळ ‘निशांत’ या इंजिनावर उडाला. देशात अशा इंजिनाने विमान उडण्याची ती पहिली वेळ होती.

निवड कशी करावी?

या सगळ्यातून निघणारे नियम गॅरेजपासून रणगाड्यापर्यंत लागू पडतात. गरज तातडीची असेल, हवी ती ताकद बाजारात सिद्ध झालेल्या इंजिनात मिळत असेल, जागा आणि हवामान नेहमीचे असेल, तर तयार इंजिन घ्यावे. गरज आपल्याच उंचीची, आपल्याच उन्हाची, आपल्याच वजनाची असेल किंवा पुरवठा बंद होण्याची भीती असेल, तर स्वतः घडवावे. मात्र फोडून शिकायला पुरेसा वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढावा. आणि दोन्ही बाबतींत अश्वशक्तीचा आकडा एकटा पाहू नये. गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक आणि वजन यांचा हिशेब त्याच कागदावर मांडावा.

रस्त्यावरच्या गाडीबाबत कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत परस्पर बदल करता येत नाही. जास्त ताकदीचे इंजिन हौसेने बसवणे हा नोंदणीचा आणि विम्याचा प्रश्न होतो. ती हौस शर्यतीच्या ट्रॅकपुरती ठेवावी.

देशाच्या पातळीवर माझे मत स्पष्ट आहे. आजच्या रणगाड्यांसाठी तयार इंजिने घेण्यात काही कमीपणा नाही. पण प्रत्येक खरेदीबरोबर आपल्या चाचणी-बाकांवर स्वतःचे इंजिन चालू राहिले पाहिजे आणि ते बिघडले म्हणून प्रकल्पाचा निधी तोडता कामा नये. अहिल्यानगरात यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती : संग्रहालयात जाल तेव्हा तोफेबरोबर प्रत्येक रणगाड्याचे इंजिन, त्याचे लिटर आणि त्याची अश्वशक्ती वहीत टिपून घ्या. पुढची इंजिने आखण्याचे काम तुमच्यापैकीच कोणाला तरी करायचे आहे.