आठवडी बाजारातली हंगामी भाजी आणि तुमचे औषध

जूनचा पहिला पाऊस झाला की ठाणे, रायगड, पालघरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. त्यापाठोपाठ टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, करटोली येतात, श्रावणात अळूच्या पानांचे गठ्ठे येतात. थंडी पडली की त्याच टोपल्यांत मेथी, चाकवत, शेपू आणि हरभऱ्याचा पाला असतो. हंगामातली भाजी ताजी आणि बहुधा स्वस्त मिळते, चवीलाही चांगली लागते. प्रकृती ठणठणीत असेल तर ती भरपूर खावी, त्यासाठी डॉक्टरांना विचारायची गरज नाही.

पण घरात कोणाला मूत्रपिंडाचा (किडनीचा) जुना आजार असेल, वारंवार मुतखडा होत असेल, किंवा कोणी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर पिशवी भरण्याआधी थोडा विचार करावा लागतो. हंगामात आपण एकच भाजी सलग बरेच दिवस खातो. मेथी दहा रुपयांना मोठी जुडी मिळू लागली की भाजी मेथीची, पराठा मेथीचा, डाळीतही मेथी. औषधाचा डोस मात्र तुमच्या आधीच्या जेवणावर ठरलेला असतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर

पालेभाज्या, बटाटा, रताळे, टोमॅटो, केळी, शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही आणि रक्तातली पातळी वाढत जाते. ही पातळी साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावी लागते. ती फार वाढली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि अनेकदा त्याआधी काहीही जाणवत नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते, कारण ही औषधेही पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात. (म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. त्यातली बरीच मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठीच दिलेली असतात.)

बाजारात तुमच्यासाठी पुष्कळ काही आहे. पडवळ, दोडका, दुधी, कोहळा यांत पोटॅशियम तुलनेने कमी असते आणि पावसाळ्यात या भाज्या उत्तम मिळतात. पालेभाजी खायचीच असेल तर चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या आणि मग फोडणीला टाका. उकळल्याने पोटॅशियम बरेच कमी होते, पूर्ण जात नाही. "पाण्यात सत्त्व असते, ते आमटीत घाला" हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला इतरांसाठी ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. चातुर्मासातल्या उपवासांकडेही लक्ष असू द्या. बटाटा, रताळे आणि शहाळे हे तिन्ही एकाच दिवशी पोटात जाते ते उपवासालाच.

एक फळ मात्र पूर्णपणे वर्ज्य आहे: करमळ, म्हणजे कमरख. कोकणात आणि गोव्यात घरोघरी झाडे असतात. पिवळसर, पाच धारांचे, आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे हे फळ मीठ-तिखट लावून खातात, त्याचे लोणचेही घालतात. त्यात मेंदूवर परिणाम करणारा एक घटक असतो. तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो आणि आजारी मूत्रपिंडाच्या रुग्णात साठून राहतो. सुरुवात बहुधा न थांबणाऱ्या उचकीने होते, मग उलट्या, गोंधळल्यासारखे बोलणे, झटके. डायलिसिसवरच्या रुग्णांचे यात मृत्यू झालेले आहेत. किती खाल्ले तर चालेल, असे रुग्ण विचारतात. एक फोडही नको. शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिले तरी नको.

याचेच भावंड म्हणजे बिलिंबी. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून तिचा रस पिणाऱ्या काही जणांचे मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. माशाच्या आमटीत दोन बिलिंब्या पडणे वेगळे आणि पेलाभर रस पिणे वेगळे.

मुतखडा होत असेल तर

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पालक, अळू, माठ, चुका, घोळ यांत ऑक्झलेट जास्त असते. अळू किंवा शेवळे खाल्ल्यावर घशाला जी खाज सुटते ती ऑक्झलेटच्याच सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून आपण त्यात चिंच, आमसूल घालतो आणि शेवळांबरोबर विक्रेती काकडेही देते. पण खाज मोडली म्हणजे ऑक्झलेट गेले असे नाही. ते कमी करायचे तर पाने उकळून पाणी टाकावे लागते.

दुसरा उपाय आणखी सोपा आहे. ऑक्झलेटवाली भाजी असेल त्याच जेवणात दही किंवा ताक घ्या. कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरते, मग ते रक्तात कमी शोषले जाते आणि लघवीत कमी उतरते. खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध-दही बंद करणारे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. त्याने खड्याची शक्यता उलट वाढते. मूत्रपिंडाचा आजारही असेल तर दह्या-ताकाचे प्रमाण मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पालकाचा कच्चा रस रोज पिण्याची सवय असेल तर ती सोडा. एवढा पालक शिजवून कोणी एका वेळी खात नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णांना वॉर्फरिन किंवा असिट्रोम दिले जाते. हे औषध 'के' जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि हिरव्या पालेभाज्यांत ते जीवनसत्त्व भरपूर असते. डिसेंबरात रोज मेथी आणि हरभऱ्याची भाजी सुरू झाली की आयएनआर खाली येतो आणि झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. हंगाम संपून पालेभाजी एकदम बंद झाली की उलटे होते. आयएनआर चढतो, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग पडतात. हा दुसरा भाग रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही.

पालेभाजी बंद करायची गरज नाही. वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खा, म्हणजे आठवड्यातून तीन वाट्या असतील तर हिवाळ्यातही तीनच. जेवण बदलणारच असेल, गावी महिनाभर राहायला जाणार असाल, तर आठवडाभराने आयएनआर तपासून घ्या. एपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांना पालेभाजीचे हे पथ्य लागत नाही. तुमची गोळी कोणती आहे ते चिठ्ठीवर पाहा.

मधुमेहींसाठी इथे थोडक्यातच सांगतो. आंबा, सीताफळ, चिकू ही हंगामी आणि गावरान असली तरी साखर तीच. जेवणानंतर न घेता मधल्या वेळी, एका वेळी एकच फळ, तेही मोजके. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस सुरू केला तर साखर जास्त उतरू शकते.

घेताना आणि निवडताना

रानभाजी ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि तिलाच विचारा: कोणता भाग खायचा, कोणता टाकायचा, उकळलेले पाणी ठेवायचे की फेकायचे? शेवळांतला पिवळा भाग काढतात, बांबूचे कोंब भिजवून आणि उकळून पाणी टाकतात, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथेही ही माहिती मिळते. रस्त्याकडेला उगवलेले ओळखीचे वाटले म्हणून स्वतः खुडून आणू नका. स्वतः गोळा केलेली रानातली अळंबी तर मुळीच नको. विषारी अळंबी शिजवूनही विषारीच राहते, आणि उलट्या-जुलाब कित्येक तासांनी सुरू होतात, तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते.

दुधी, दोडका, काकडी, पडवळ चिरताना एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून चूळ भरा आणि ते फळ टाकून द्या. साखर, लिंबू घालून कडूपणा लपतो, विष जात नाही. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झालेले आहेत.

पावसाळ्यात पालेभाजीच्या मुळाशी चिखल असतो. जुडी सुटी करून मुळे कापा, पाने वाहत्या पाण्यात धुवा, मग शिजवा. कच्ची कोथिंबीर आणि कोबीही तितक्याच काळजीने धुवा. त्यावरून पोटात गेलेल्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी बाजारातली पालेभाजी कच्ची खाऊच नये.

खालीलपैकी काही झाले तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा: मूत्रपिंडाच्या रुग्णाने करमळ खाल्ले असेल, मग उचकी लागलेली असो वा नसो, कडू रस प्यायल्यावर उलट्या किंवा पोटदुखी, अळंबी खाल्ल्यानंतर काही तासांनी उलट्या-जुलाब, वॉर्फरिन किंवा असिट्रोम घेणाऱ्याला काळी शौच, लघवीतून रक्त, किंवा अचानक तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे. जाताना औषधांची चिठ्ठी आणि शक्य असेल तर त्या भाजीचा किंवा फळाचा उरलेला तुकडा पिशवीत घालून सोबत न्या.