अंगणवाडीचे दार पुन्हा उघडताना

साथ ओसरली की कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात, बाजार भरतात आणि रेल्वेगाड्या धावू लागतात. परंतु कामावर निघालेल्या मातेने आपले लहान मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या सालवडसारख्या गावांच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथे मूळ गावकरी, आदिवासी पाड्यांतील मजूर आणि परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे शेजारी शेजारी राहतात.

अंगणातून झालेली सुरुवात

अंगणवाडी ही कल्पना याच जिल्ह्याच्या मातीत रुजली, ही अभिमानाची गोष्ट होय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून येताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजनेस आरंभ झाला आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

बंद दाराची किंमत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि अंगणवाड्यांची दारे बंद झाली. ताज्या आहाराऐवजी कोरडा शिधा घरोघरी पोहोचविण्यात आला. सेविका व मदतनीस यांनी त्या कठीण काळात केलेले हे काम मोलाचे आहे. तथापि शिधा घरात आला म्हणजे तो बालकाच्याच मुखी पडतो असे नाही. रोजगार बुडालेल्या घरात तो सर्वांच्या ताटात वाटला जातो. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या बालकासाठी दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणाऱ्या पूरक आहाराचे प्रमाण त्या काळी ठरलेले होते. शिवाय नियमित वजन, लसीकरण व पूर्वशालेय शिक्षण यांची जागा शिध्याची पिशवी घेऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२१ रोजी प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील अंगणवाड्या ३१ जानेवारीपर्यंत सुरू करण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. त्यानंतर काही महिन्यांतच दुसरी लाट आली. दार एकदा उघडले म्हणजे कार्य संपले असे नाही, हाच त्याचा बोध.

नोंदीबाहेरचे बालक

१ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या आणि असंख्य कामगार कुटुंबे आपापल्या गावी परतली. कारखाने सुरू झाल्यावर कुटुंबे पुन्हा कामाच्या ठिकाणी येऊ लागतात, तेव्हा खोली बदललेली असते, पाडा बदललेला असतो आणि मुलाचे नाव जुन्याच नोंदवहीत राहिलेले असते. जव्हार, मोखाडा भागातून दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांचीही हीच स्थिती असते. अशी बालके एका गावाच्या यादीतून गळतात आणि दुसऱ्या गावाच्या यादीत येत नाहीत. सर्वांत अधिक धोका त्यांनाच असतो.

या कुटुंबांना सेवा नाकारण्यास आधार नाही. अंगणवाडीच्या लाभासाठी दारिद्र्यरेषेची अट लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या वस्तीत अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा हक्क याच न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या निर्णयाने मान्य झाला आहे. चाळींतील बालकांची मोजणी म्हणूनच आवश्यक ठरते.

ग्रामपातळीवर काय करता येईल

पहिले काम घरोघर पाहणीचे. सेविका, आशा कार्यकर्ती, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी मिळून पाडे, चाळी व भाड्याच्या खोल्या पालथ्या घालाव्यात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाच्या दंडाचा घेर मोजावा. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालक तीव्र कुपोषित समजून त्यास त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. वजन व उंची यांचीही नोंद करावी. चुकलेल्या लसी पूर्ण कराव्यात.

दुसरे काम मातेच्या सोयीचे. कामाची पाळी आणि अंगणवाडीची वेळ यांचा मेळ बसत नसेल, तर मोठ्या बहिणीची शाळा सुटते आणि तीच घरी पाळणा हलवीत बसते. शिक्षकांनी अशा मुलींची अनुपस्थिती वेळीच हेरावी. साथीच्या काळी अंमलात असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना पाळणाघराची सोय करणे भाग होते. परंतु लहान कारखान्यांतील व कंत्राटी कामावरील स्त्रिया बहुधा या कक्षेबाहेर राहतात. येथे ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावयास हवा. स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करण्याची तरतूद तिच्या हाती आहे. त्यातून पिण्याचे पाणी, शौचालय व खेळती हवा यांची सोय करता येते.

तिसरे काम छत्र हरपलेल्या बालकांचे. साथीत दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे राज्य शासनाने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. एक पालक गमावलेल्या बालकांसाठी बालसंगोपन योजना आहे. विधवा मातेला अर्ज व दाखले यांची वाट दाखविणे हे पंचायत सदस्याचे कर्तव्यच मानावयास हवे.

साथ असो, पूर असो वा कारखान्यांची टाळेबंदी असो, असे प्रसंग पुन्हा येतील. त्या वेळी गावाकडे प्रत्येक बालकाची अद्ययावत यादी असेल, तर सेवेचा धागा तुटणार नाही. मूल दारापर्यंत येत नसेल तर दारानेच मुलाकडे जावे, हा बोर्डीच्या अंगणातील धडा आजही तितकाच मार्गदर्शक आहे.