रंगाआडचा गंज

कोल्हापूर म्हटले की तालीम, चित्रपट आणि गूळ यांची आठवण होते. विमानाची होत नाही. वास्तविक उजळाईवाडीच्या माळावरील विमानतळाचे उद्घाटन 1939 च्या जानेवारीतच झाले होते. भारतीय विमानरचनेचे आद्य अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे हेही याच जिल्ह्यातले, गडहिंग्लज तालुक्यातील हसूरचंपूचे. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतलेल्या घाटग्यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये प्रथम ‘एचटी-2’ हे शिकाऊ विमान सिद्ध केले. त्यानंतर आले ‘पुष्पक’. सप्टेंबर 1958 मध्ये ते प्रथम आकाशात झेपावले आणि पुढे देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत तरुणांनी विमानविद्येचे पहिले धडे त्याच्याच आसनावर बसून गिरवले.

पुष्पक हे दोन आसनांचे, डोक्यावर पंख असलेले, कापडाने मढवलेले हलके विमान. अशा विमानाचा पंख केवळ मुळाशी धरलेला नसतो. धडाच्या खालच्या कडेपासून पंखाच्या मध्यापर्यंत तिरक्या गेलेल्या दांड्या त्याला सावरतात. कारागीर त्यांना ‘स्ट्रट’ म्हणतात. विमान जमिनीवर उभे असताना पंखाचे ओझे या दांडीवर दाबून बसते. विमान हवेत गेले की पंख वर उचलला जातो आणि तीच दांडी त्याला खाली ओढून धरते. ती हवेत तुटली तर पंख टिकत नाही, इतका सरळ हा हिशेब आहे.

पुष्पकाच्या जातीच्या अनेक परदेशी विमानांत ही दांडी पोलादी नळीची असते. वजन वाचावे म्हणून नळीची भिंत पातळ ठेवलेली असते. हवेतील दमटपणा आत शिरतो, रात्रीच्या गारव्यात त्याचे पाणी होते आणि ते उताराने खालच्या टोकाशी साचते. गंज तेथे, आतल्या बाजूने चढतो. बाहेरचा रंग मात्र चकाकतच राहतो. ज्या शहराच्या उद्यमनगरात इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे कारागीर घडले, तेथील वाचकाला हे सांगावयास नको की मुकी नळी डोळ्यांनी पारखता येत नाही.

अमेरिकेत पायपर कंपनीच्या विमानांबाबत या दोषाची दखल 1981 मध्ये घेतली गेली आणि 1993 मध्ये आदेश अधिक कडक करण्यात आला. तपासणीची रीत मोठी मजेशीर आहे. विमानाच्या कापडाची मजबुती अजमावण्यासाठी बनवलेले स्प्रिंगचे टोकदार उपकरण दांडीच्या खालच्या फूटभर भागावर इंचाइंचाने ठरावीक जोराने दाबावयाचे. निरोगी पोलाद त्याला दाद देत नाही; पोचा पडला की दांडी बाद. ध्वनितरंगांनी भिंतीची जाडी मोजण्याचाही मार्ग आहे. उघडलेल्या नळीत जवसाचे तेल फिरवून गंजाला अटकाव करण्याची जुनी पद्धतही उपयोगाची आहे. पण खरा उपाय म्हणजे दोन्ही टोकांनी बंदिस्त केलेली नवी दांडी. ती बसवली की वारंवार तपासण्याचे कारण उरत नाही.

या आदेशातील एक भेद मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. दांडीच्या टोकाला असलेल्या फोर्कच्या आट्यांना तडे जातात ते वापराने. म्हणून त्यांची तपासणी 500 उड्डाणतासांच्या हिशेबाने होते. नळीच्या गंजाची मुदत मात्र 24 महिने, मग विमान रोज उडो वा हँगरमध्ये धूळ खात पडो. आपला सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो. वापरलेली वस्तू झिजते, न वापरलेली नवी राहते, असे आपण धरून चालतो. पंचगंगेच्या खोऱ्यातला चार महिन्यांचा पाऊस आणि त्या काळात जागेवर उभे असलेले विमान यांचा विचार केला, तर कमी तास भरलेल्या लॉगबुकाला प्रशस्तिपत्र मानणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात येईल. पैशांच्या चणचणीत क्लब विमान कमी उडवतो, आणि त्याच चणचणीत तपासणीही लांबणीवर टाकण्याचा मोह होतो. त्या विमानात बसणारा विद्यार्थी बहुधा विशीतला असतो आणि शुल्कासाठी त्याच्या घरच्यांनी कर्ज काढलेले असते. दांडीच्या आत काय आहे, हे विचारण्याइतकी माहिती त्याला नसते.

15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार माणसे गेली. तो गंज तर डोळ्यांना दिसत होता. जेथे दिसणाऱ्या गंजाची ही कथा, तेथे न दिसणाऱ्या गंजासाठी तारखेची सक्ती हवीच. ‘विमान फारसे उडालेले नाही’ ही सबब तेथे चालू देता कामा नये. आणि बाद झालेली दांडी भंगारात न विकता उभी कापून प्रशिक्षणाच्या वर्गात टांगावी. एका बाजूला चकाकता रंग, दुसऱ्या बाजूला तांबड्या पापुद्र्यांनी कुरतडलेली भिंत. विद्यार्थ्यांनी ती विमानात बसण्यापूर्वी हाताळून पाहावी.